भूलतज्ज्ञाला न सांगितलेला काढा

मुरगूड परिसरातल्या माणसाला हर्निया, पित्ताशयातले खडे, पिशवी काढणे किंवा मोडलेला खुबा असे एखादे मोठे ऑपरेशन सांगितले, की घरात पहिली चर्चा होते ती कुठे करायचे याची. वेदगंगेच्या काठावरच्या या गावाला तालुक्याचे ठिकाण कागल. पण ऑपरेशनसाठी माणसे निपाणीला, गडहिंग्लजला किंवा सरळ कोल्हापूरला जातात. कुणी तिथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात, कुणी खासगी दवाखान्यात. निघताना रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, सोनोग्राफीचे कागद आणि जुन्या चिठ्ठ्या आठवणीने फाईलमध्ये घातल्या जातात. त्या फाईलमध्ये एक गोष्ट मात्र सहसा नसते. गेला महिनाभर घेतलेला काढा, साखरेसाठी सकाळी चावलेला पाला, गुडघ्यासाठी कुणाकडून तरी आणलेली पुडी, काविळीवर पाजलेला रस यांची कुठेही नोंद नसते. भूलतज्ज्ञ विचारतात, ‘‘कसली औषधं चालू आहेत?’’ उत्तर येते, ‘‘बीपीची एक गोळी, बाकी काही नाही.’’ हे उत्तर देणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या लेखी चिठ्ठीवर येते आणि मेडिकलमध्ये मिळते ते औषध. बाकी सारे घरचे, गावठी, निरुपद्रवी. माझे म्हणणे असे, की ऑपरेशनच्या दृष्टीने या वर्गीकरणाइतके धोक्याचे काही नाही. वनस्पतीत गुण असेल तर ती औषध आहे, आणि औषध असेल तर भूल देण्यापूर्वी तिचा हिशेब झालाच पाहिजे. गुण नसेल तर ती घेण्यात अर्थ नाही. गुण तर आहे पण परिणाम काहीच नाही, अशी तिसरी शक्यता शरीराला माहीत नाही.

या प्रश्नावर नेमकेपणाने काम झाले ते हाँगकाँगमध्ये. तिथले लोक आधुनिक रुग्णालयात ऑपरेशनला जातात आणि त्याच आठवड्यात घरी चिनी वनौषधींचे काढेही उकळतात, म्हणजे आपल्यासारखेच. तिथल्या चायनीज युनिव्हर्सिटीच्या भूलशास्त्र विभागाने ठरवून ऑपरेशनसाठी आलेल्या ६०१ रुग्णांना विचारले, की गेल्या दोन आठवड्यांत तुम्ही कोणत्या वनौषधी घेतल्या? मग ऑपरेशनच्या आधी, चालू असताना आणि नंतर काय काय बिघाड झाले, याची नोंद ठेवली. २००६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ८० टक्के रुग्णांनी आपल्या मनाने काही ना काही वनौषधी घेतलेली होती, आणि सुमारे ८ टक्के रुग्ण चिनी वैद्याने लिहून दिलेले औषध घेत होते. मनाने घेणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला नाही. वैद्याचे औषध घेणाऱ्यांमध्ये मात्र ऑपरेशनपूर्वीच काहीतरी बिघडलेले आढळण्याचे प्रमाण, काहीही न घेणाऱ्यांच्या तुलनेत, दुपटीहून थोडे अधिक निघाले. हे बिघाड प्रामुख्याने दोन प्रकारचे होते. रक्तातले पोटॅशियम उतरलेले, आणि रक्त गोठायला लागणारा वेळ लांबलेला. प्रत्यक्ष ऑपरेशन चालू असताना किंवा नंतर होणाऱ्या गुंतागुंतीशी वनौषधींचा ठोस संबंध या अभ्यासात सापडला नाही.

या निष्कर्षाचा कुणीही आपल्या सोयीने अर्थ लावू शकतो. झाडपाल्याचा तिटकारा असलेला म्हणेल, बघा, धोका दुप्पट. झाडपाल्याचा अभिमान असलेला म्हणेल, ऑपरेशनमध्ये तर काहीच झाले नाही. दोघेही अर्धेच वाचतात. पहिली गोष्ट, वैद्याकडे जाणारे रुग्ण मुळातच जास्त आजारी असू शकतात. संशोधकांनी वय, आजार यांचा हिशेब करून आकडे काढले तरी अशा पाहणीतून कारण आणि परिणाम यांचे नाते पक्के सिद्ध होत नाही. दुसरी गोष्ट, ऑपरेशनपूर्वी पोटॅशियम कमी आढळले तर ते भरून काढले जाते, रक्त गोठत नसेल तर ऑपरेशन पुढे ढकलले जाते. म्हणजे पुढची गुंतागुंत टळली असेल, तर तपासणीत ती आधी पकडली गेल्यामुळेही टळली असेल. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सूपमध्ये टाकलेल्या मुळीने आणि वैद्याने आजार पाहून, वजनी मात्रेत दिलेल्या औषधाने सारखाच परिणाम केला नाही. औषध जितके खरे, तितका त्याचा हिशेब ठेवण्याची गरज अधिक. चिनी वैद्यकाला कमी लेखणारा हा निष्कर्ष नाही. ते शरीरावर काम करते, याचीच ही पावती आहे.

चीनच्या काढ्यांशी मुरगूडचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध वनस्पतींचा आहे. आले, हळद, ज्येष्ठमध, दालचिनी, धोत्रा, बचनाग या कुळांतली औषधे दोन्ही परंपरांत आहेत. शिवाय वनस्पतींतली रसायने देशांच्या सीमा पाळत नाहीत, याचे उदाहरण कोल्हापूरच्या पश्चिमेच्या घाटातच उभे आहे. चीनमधल्या कॅम्प्टोथेका नावाच्या झाडातून १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या पेशींना मारणारे द्रव्य वेगळे केले. हे मनसुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. काही वर्षांतच, १९७२ मध्ये, भारतीय रसायनशास्त्रज्ञांना तेच द्रव्य सह्याद्रीतल्या एका झाडात भरपूर प्रमाणात आढळले. ते झाड म्हणजे नरक्या, ज्याची नंतर आपल्या घाटांतून चोरटी तोड झाली. त्या द्रव्यापासून बनवलेली औषधे आज कर्करोगाच्या विभागांत सलाईनमधून दिली जातात, रक्तातल्या पेशींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून दिली जातात. त्याच झाडाच्या सालीला ‘नुसता झाडपाला’ म्हणण्याची हिंमत कोणता डॉक्टर करील?

पण ऑपरेशन आणि वनौषधी यांच्या नात्याची सर्वांत बोलकी कथा महाराष्ट्रातलीच आहे, आणि ती हाँगकाँगच्या अभ्यासाच्या अर्धशतक आधीची आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेड, निद्रानाश यांवर फार जुन्या काळापासून दिली जाई. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना पद्धतशीर देऊन पाहिली आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांचा अनुभव मांडला. त्या निबंधाने जगाचे लक्ष वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसर्पिन हे मुख्य द्रव्य वेगळे झाले, आणि पाहता पाहता रक्तदाबावरचे ते जगभरचे औषध बनले. वकील यांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. इथपर्यंत अभिमानाची गोष्ट. पण रेसर्पिन घेणारे लोक ऑपरेशनच्या टेबलावर येऊ लागले, तेव्हा भूल दिल्यावर काहींचा रक्तदाब घसरला आणि नेहमीच्या उपायांनी तो वर येईना. कारण पुढे कळले. रक्तवाहिन्या आवळून धरण्याचा निरोप नसांच्या टोकांशी साठलेले नॉरअॅड्रिनॅलिन देते. रेसर्पिन हा साठाच रिकामा करते. औषध बंद केल्यावरही तो भरून यायला दिवस नव्हे, आठवडे लागतात. भुलीत रक्तदाब पडला की भूलतज्ज्ञ ज्या इंजेक्शनकडे वळत, त्यांत एफेड्रिन हे प्रमुख होते, आणि एफेड्रिनचे बरेचसे काम हा साठा मोकळा करूनच होते. साठा नसेल तर ते मोकळे काय करणार? इथे योगायोग पाहण्याजोगा आहे. एफेड्रिन मूळचे माहुआंग या चिनी वनौषधीतले. म्हणजे टेबलावरच्या माणसाला वाचवायला आलेले चिनी वनस्पतीचे औषध, त्याने आधी घेतलेल्या भारतीय मुळीच्या औषधामुळे निकामी ठरत होते. आणि भूलतज्ज्ञाला आधी माहीत असते, तर थेट रक्तवाहिनीवर काम करणारे दुसरे औषध त्याच्या हाताशी होते.

१९५६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवून सल्ला दिला, की ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी रेसर्पिन थांबवावे. तो सल्ला काही वर्षे पाळला गेला. मग १९६२ मध्ये औषध चालू ठेवलेल्या आणि थांबवलेल्या रुग्णांची तुलना झाली, आणि भुलीतला रक्तदाब दोन्हीकडे सारखाच वागतो असे दिसले. उलट रक्तदाबाचे औषध एकदम तोडल्याने होणारे नुकसान समोर येऊ लागले. पुढे बहुतेक रक्तदाबाच्या गोळ्या ऑपरेशनच्या दिवसापर्यंत चालू ठेवण्याकडे कल झुकला. ही उलटसुलट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण झाडपाल्याविरुद्ध बोलणारे अनेकदा ‘सगळे बंद करा’ एवढ्यावर थांबतात. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेचाही सर्वसाधारण सल्ला दोन आठवडे आधी वनौषधी थांबवण्याचा आहे. हातात वेळ असेल आणि औषध कसले ते माहीत नसेल, तर तो शहाणपणाचा सल्ला आहे. पण मोडलेला खुबा दोन आठवडे थांबत नाही, फुटलेले अपेंडिक्स तर दोन तासही थांबत नाही. अशा वेळी औषध बंद केले होते का, याला अर्थ उरत नाही; काय घेतले आणि शेवटचे कधी घेतले, एवढेच कामाला येते. म्हणून थांबवण्यापेक्षा सांगणे अधिक मोलाचे, असे माझे ठाम मत आहे.

काय काय बिघडू शकते, हे समजून घ्यायला फार शास्त्र लागत नाही. ज्येष्ठमधातले ग्लिसरायझिन मूत्रपिंडातल्या एका विकराला अडवते. त्यामुळे शरीर मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडते. घसा बसल्यावर चघळलेल्या कांडीने हे होत नाही, रोजच्या मोठ्या मात्रेने होते. पोटॅशियम उतरलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके भुलीत अनियमित होऊ शकतात, आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर लांबू शकतो. लसणीचा अर्क रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. २००१ साली अमेरिकेतल्या एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकाने आठ वनौषधींचा आढावा घेतला, तेव्हा लसूण आणि जिनसेंग किमान सात दिवस आधी, गिंको छत्तीस तास आधी, एफेड्रा चोवीस तास आधी थांबवावे असे सुचवले. यावर हमखास विचारले जाते, मग आमटीतली फोडणीही बंद करायची का? नाही. जेवणातली लसूण-हळद आणि त्यांच्या अर्काच्या कॅप्सूल यांत मात्रेचा मोठा फरक आहे, आणि प्रश्न कॅप्सूलचा, रोज पेलाभर रस पिण्याचा, मात्रा वाढवून घेण्याचा आहे. साखरेचे पाहा. मधुनाशिनी, जिला आपण बेडकीचा पाला म्हणतो, कारल्याचा रस, मेथीचे चूर्ण हे सारे साखर उतरवण्यासाठीच घेतले जाते. ऑपरेशनच्या सकाळी माणूस उपाशी असतो. जागा असता तर साखर उतरल्यावर त्याला घाम फुटला असता, हात थरथरले असते, तो बोलला असता. भुलीत यातले काहीच कळत नाही. झोपेसाठी घेतलेली अश्वगंधा किंवा जटामांसी भुलीच्या औषधांत भर घालू शकते, तीही सांगायलाच हवी.

आतापर्यंत बोललो ते औषध खरे असल्याचे गृहीत धरून. पण पुडीत काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही, आणि कित्येकदा देणाऱ्यालाही कळत नाही. अमेरिकेत प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी पीसी-स्पेस नावाचे, प्रामुख्याने चिनी वनौषधींचे मिश्रण विकले जाई. त्याचा गुण येतो असे अभ्यासही होऊ लागले होते. तपासणीत त्यात रक्त पातळ करणारे वॉरफरिन निघाले, आणि २००२ मध्ये ते बाजारातून परत घ्यावे लागले. ते घेत असलेला, पण फक्त ‘आयुर्वेदासारखे काहीतरी’ असे सांगणारा माणूस टेबलावर असता, तर रक्तस्राव का थांबत नाही हे कुणालाच उमगले नसते. आपल्याकडचा मोठा धोका संधिवाताच्या आणि दम्याच्या पुड्यांचा. चार दिवसांत गुडघे हलके करणाऱ्या अनेक पुड्यांत तपासणीअंती स्टेरॉईड सापडलेले आहे. महिनोन्महिने बाहेरून स्टेरॉईड मिळाले की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचे काम मंदावतात. ऑपरेशन हा शरीरावरचा ताण. त्या वेळी या ग्रंथींनी जोर लावायचा असतो, आणि त्यांना तो लावता येत नाही. रक्तदाब कोसळतो. शिवाय स्टेरॉईडमुळे जखम नीट भरत नाही, साखर चढते. डॉक्टरला ठाऊक असेल तर उपाय सोपा आहे, हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन. आणि इथे ‘सगळे बंद करा’ हा सल्ला थेट घातक ठरतो, कारण अशी पुडी एकदम तोडणे हेच संकट ओढवून घेणे आहे.

आता मुख्य आक्षेप. हजारो वर्षे लोक ही औषधे घेत आले, ती घातक असती तर एव्हाना कळले नसते का? हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. परंपरेने पारखलेले ज्ञान हे खरे ज्ञान असते, आणि त्यातून सर्पगंधेसारखी रत्ने हाती आली. चीनमध्ये तू यूयू यांनी मलेरियावरचे आर्टिमिसिनिन जुन्या ग्रंथांचा आधार घेतच शोधले, आणि त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले. पण परंपरा तिच्यासमोर घडलेल्या गोष्टीच पारखू शकते. तोंडात पाला घेतल्यावर तासाभरात होणारी उलटी तिला दिसली. वर्षभराने मूत्रपिंडात होणारा बिघाड तिला त्या पाल्याशी जोडता आला नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या औषधात एका चिनी मुळीऐवजी ॲरिस्टोलोकिया कुळातली, नावाने जवळची दुसरी मुळी गेली, आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे खराब झाली. या कुळातल्या वनस्पती वैद्यकात शतकानुशतके होत्या. आणि कमरेतून दिलेली भूल, प्लेटलेट्स रोखणाऱ्या गोळ्या, हृदयात बसवलेले स्टेंट यांच्या सोबतीने काढा कसा वागतो, हे कोणताही जुना ग्रंथ सांगू शकत नाही, कारण त्या काळी हे नव्हतेच. ग्रंथांना दोष देण्याचे कारण नाही. मात्रा, काळ, रुग्णाची प्रकृती आणि बरोबर काय घेतले हे पाहिल्याशिवाय औषध देऊ नये, हे आयुर्वेदच बजावतो. औषध आणि विष यांतला फरक योजनेवर ठरतो, हा चरकसंहितेचाच विचार आहे. भूलतज्ज्ञ काढ्याबद्दल विचारतो तेव्हा तो तेच पाळत असतो.

झाडपाल्याचा ऑपरेशनमध्ये फक्त धोकाच असतो, असे मात्र मला म्हणायचे नाही, आणि याचाही पुरावा महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात औषधशास्त्राच्या डॉ. शरदिनी डहाणूकर आणि डॉ. निर्मला रेगे, व शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट यांच्या चमूने गुळवेलीवर काम केले. विषय होता अडथळ्याच्या काविळीचा. कर्करोगाच्या गाठीने पित्तनलिका बंद झाली, की पित्त रक्तात मुरते, आतड्यात पोहोचत नाही. त्यामुळे के जीवनसत्त्व शोषले जात नाही, रक्त गोठत नाही, आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. अशा रुग्णावर ऑपरेशन करणे फार जोखमीचे. या चमूने ३० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. दोन्ही गटांना के जीवनसत्त्व, प्रतिजैविके आणि नळीतून पित्ताचा निचरा हे नेहमीचे उपचार मिळाले. एका गटाला निचऱ्याच्या काळात मोजून मात्रेत गुळवेलही दिली. १९९३ साली प्रसिद्ध झालेले निकाल असे: गुळवेल न मिळालेल्यांत निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणे दिसली, गुळवेल मिळालेल्यांत कुणातही नाही. ऑपरेशननंतर वाचलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात ९२.४ टक्के. यकृताचे काम दोन्हीकडे सारखेच होते. फरक पांढऱ्या पेशींच्या ताकदीत पडला. ३० रुग्णांवरून कायमचा निवाडा होत नाही, मोठ्या आणि अनेक रुग्णालयांतल्या अभ्यासांनीच तो व्हायचा. पण वेलीला प्रश्न विचारण्याची ही पद्धत मला आदर्श वाटते.

कोल्हापूर जिल्ह्याला हे उदाहरण अधिक लागू पडते, कारण काविळीवर गावठी औषध घेण्याची रीत इथे खोल रुजलेली आहे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची मोठी साथ आली. अशा साथीतली कावीळ विषाणूंची असते आणि बहुतेकांची आपोआप उतरते; श्रेय त्या आठवड्यात पाजलेल्या औषधाला जाते. त्यातून बसलेला विश्वास मग पन्नाशीतल्या, पित्तनलिकेत खडा किंवा गाठ असलेल्या माणसालाही त्याच औषधाकडे नेतो. डोळे पिवळे तिथेही आणि इथेही, पण आजार वेगळा. या माणसाचे रक्त आधीच गोठत नसते, आणि तो ऑपरेशनला उशिरा पोहोचतो. सोबत अंगात न सांगितलेला पाला घेऊन.

त्याच गुळवेलीची दुसरी बाजू २०२० मध्ये दिसली. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी घरोघर गुळवेलीचा काढा उकळला. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईत यकृताला सूज आलेले सहा रुग्ण डॉक्टरांना आढळले. त्या सर्वांनी गुळवेल घेतलेली होती. पुढच्या वर्षी हे प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांतल्या ४३ रुग्णांची नोंद आली. तिच्यात शरीराचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटल्याच्या खुणा अनेकांत होत्या. मला या वादात मंत्रालयाचा मुद्दा फेटाळावासा वाटत नाही. झाडावरून तोडलेली वेल नेमकी कोणती हे घरात ओळखता येत नसेल, तर तो ती डॉक्टरला दाखवण्याच्याच बाजूचा मुद्दा आहे. आणि वेल खरी असेल, तर पांढऱ्या पेशींना चेतवण्याचा जो गुण केईएममध्ये उपयोगी पडला, तोच ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटू पाहते त्याला महागात पडू शकतो. वेल एकच. एका ठिकाणी आजार निश्चित होता, मात्रा वजनावर ठरली होती, रक्त तपासले जात होते आणि शल्यचिकित्सकाला सारे माहीत होते. दुसऱ्या ठिकाणी यातले काहीही नव्हते.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो रुग्णांच्या बाजूचा आहे. सांगितले तर डॉक्टर ओरडतात. ‘‘कसला पाला खाल्लास? आता निस्तर’’ असे एकदा ऐकलेला माणूस दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. परदेशातल्या पाहण्यांतही ऑपरेशनपूर्व तपासणीत वनौषधींची माहिती न देणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास आढळले आहे. म्हणजे हे आपल्याच लोकांचे अडाणीपण नव्हे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याची जबाबदारी मी दवाखान्याकडे टाकतो. ऑपरेशन थिएटर तर वनस्पतींनीच भरलेले आहे. वेदना शमवणारे मॉर्फिन अफूचे, ठोका मंदावल्यावर द्यायचे ॲट्रोपिन धोत्र्याच्या कुळातले, स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या बाणांच्या विषात. जपानी शल्यचिकित्सक हानाओका सेइशू यांनी १८०४ साली स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन केले, ते धोत्रा आणि बचनाग यांच्या कुळांतल्या मुळ्यापाल्यांच्या मिश्रणाने भूल देऊन. ईथरच्या प्रसिद्ध प्रयोगाच्या चाळीस वर्षे आधी. हा वारसा ज्याच्या हातातल्या सिरिंजमध्ये आहे, त्याने पाल्याच्या नावाने नाक मुरडू नये.

आणि विचारायचे तर त्यांच्या शब्दांत विचारावे. ‘औषध’ म्हटल्यावर काढा आठवत नसेल, तर काढा, चूर्ण, पुडी, भस्म, पाला, रस, चाटण असे एकेक नाव घेऊन विचारावे. साखरेसाठी काही चावता का, गुडघ्यासाठी कुणाचे काही घेता का, झोपेसाठी, वजनासाठी, काविळीवर काही पाजले का, असे आजाराच्या नावाने विचारावे. गावातल्या आशाताईंनी ऑपरेशन ठरलेल्या घरी दोन आठवडे आधी हीच यादी वाचली, तर पुडी किंवा पाल्याचा नमुना फाईलबरोबर कोल्हापूरला पोहोचेल. वैद्यांनाही यात घ्यावे. मुरगूड-कागल भागात आयुर्वेदाचे पदवीधर डॉक्टर रोज रुग्ण पाहतात, त्यांनी दिलेल्या औषधाची चिठ्ठी लिहिली आणि ती भूलतज्ज्ञाच्या हाती गेली, तर निम्मे काम झाले. हाँगकाँगच्या अभ्यासाला मोठी यंत्रे लागली नव्हती. ६०१ माणसांना नीट विचारायला माणसे लागली, आणि त्यांचे रक्ताचे रिपोर्ट एका वहीत एकत्र आणावे लागले. राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय कोल्हापुरात आहे, सीपीआरमध्ये रोज ऑपरेशने होतात, आणि तिथे मुरगूडपासून चंदगडपर्यंतची माणसे येतात. गुळवेल, बेडकीचा पाला, काविळीचा रस आणि सांध्यांच्या पुड्या यांचा ऑपरेशनवर आपल्या भागात नेमका काय परिणाम होतो, हे सांगणारा आकडा चीनहून येणार नाही. तो इथल्याच भूलपूर्व तपासणीच्या खोलीत, कोणता, किती, कुणी दिलेला आणि शेवटचा कधी घेतलेला, या चार रकान्यांतून तयार होईल.